चार नारिंगी सेट : कामाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

कॅप्टन सकाळीच खोकं घेऊन कोथरूडला हजर. "स्पार्क्स, बघ जरा, यातले किती जिवंत आहेत." स्पार्क्स म्हणजे जहाजावरचा रेडिओ ऑफिसर, माझी जुनी नोकरी. आत चार नारिंगी हँडसेट. जहाज सोडून लाइफबोटीत किंवा राफ्टमध्ये उतरायची वेळ आली, तर बरोबर न्यायचे व्हीएचएफ रेडिओ. एक जहाज मोडीत निघालं, त्यावरचे. कॅप्टन ज्या प्रशिक्षण संस्थेत शिकवायला जातो, तिथल्या पोरांच्या हातात द्यायचेत. ठरलं असं की तीन चालू करायचे आणि एक सुट्या भागांसाठी ठेवायचा. जहाजावरही हे तीनच असतात. सोलास म्हणजे समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या नियमात ५०० ग्रॉस टनांपासून पुढच्या मालवाहू जहाजावर आणि कुठल्याही प्रवासी जहाजावर किमान तीन, ३०० ते ५०० टनांच्या मालवाहू जहाजावर दोन.

कागदपत्रं : सेट संस्थेच्या प्रयोगशाळेच्या परवान्यावर चढवलेले आहेत, प्रत खोक्यातच ठेवली. तरीही घरात एरियल लावून बटण दाबायचं नाही. एरियलच्या जागी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे ताकद उष्णता होऊन तिथेच जिरते. पुण्यात समुद्र नाही, तेव्हा चॅनल १६ वर, म्हणजे संकटातल्या हाकेच्या चॅनलवर, काय वाट्टेल ते बोला, असं समजणारे महाभाग मी पाहिलेत.

सेट जेवणाच्या टेबलावर मांडले. ही म्हणाली, "इथवर ठीक आहे. ओट्यावर यायला नकोत."

३ जून, मंगळवार

नुसती बाहेरून पाहणी. स्क्रूला हात लावला नाही.

चारही आपत्कालीन बॅटऱ्यांची मुदत संपलेली. या लिथियमच्या, एकदाच वापरायच्या, चार्ज न होणाऱ्या. त्यांच्यावर सील असतं आणि सील तुटलं की पुन्हा जोडता येत नाही. तीन सेटांची सीलं शाबूत होती. म्हणजे त्या जहाजावर ती वेळ कधी आली नाही. चौथ्याचं तुटलेलं. त्या सेटची एक बाजू घासून गुळगुळीत झालीय, चॅनलच्या खटक्यावर ग्रीसचे काळे ठसे. गोष्ट उघड आहे. नांगर टाकताना किंवा टाकी धुताना वॉकीटॉकी कमी पडला, कुणीतरी हा उचलला आणि चार्जिंगची बॅटरी सापडेना म्हणून सील फोडलं. असा माणूस प्रत्येक जहाजावर एक तरी असतोच.

मुदत संपलेल्या बॅटरीला मीटर लावला तर व्होल्टेज ठणठणीत दिसलं. इथेच लोक फसतात. लिथियमचा सेल म्हातारा झाला तरी बसल्याजागी रुबाब दाखवतो, लोड टाकला की मान टाकतो. दहा ओहमचा रेझिस्टर लावला, दोन बॅटऱ्या बघता बघता बसल्या. चारही बॅटऱ्यांच्या टोकांना टेप लावून ई-कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. चार्ज करायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. हा सेल चार्जरला लावणं म्हणजे घरात फटाका पुरणं.

७ जून, शनिवार

भाची आली. इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत हात शिवशिवतात. सेट १ तिला उघडायला दिला. बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवा गंज होता. आधी खोडरबर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग कोरडा ब्रश. सॅंडपेपरला मी हात लावू देत नाही. वरचा मुलामा गेला की दोन महिन्यांत पुन्हा हिरवं.

बटणावरचं रबर दोन सेटांत तडकलेलं. बोलायचं बटण हे या यंत्रातलं सगळ्यात जास्त मार खाणारं अंग. सेट ३ आतून पाण्याने गेलेला, सर्किटवर मीठ फुललंय. तोच सुट्या भागांचा धनी.

काम करता करता पोरीने विचारलंच, "मामा, सॅटेलाइट फोनच्या जमान्यात एवढ्याशा रेडिओचं काय कौतुक?" तिला कागदावर हिशेब मांडून दाखवला. व्हीएचएफ साधारण नजरेच्या रेषेत जातो. एरियलची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, ४.१२ ने गुणायचं, की क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. दोन्ही टोकांची बेरीज करायची. दोन राफ्ट, दोघांचीही एरियल पाण्यापासून मीटरभर उंच : आठ किलोमीटर. राफ्ट आणि २५ मीटर उंच एरियलचं जहाज : पंचवीसच्या आसपास. वर ९०० मीटरवरून शोध घेणारं विमान : सव्वाशेच्या पुढे. हे कागदावरचं क्षितिज. लाट मध्ये आली की कमी. फोनने एका माणसाला गाठता येतं. चॅनल १६ वर म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर जे काही टप्प्यात आहे ते सगळं ऐकतं, आणि तुमच्या सगळ्यात जवळचं जहाज कोणतं हे तुम्हाला ठाऊक असायची गरज नाही. दूरच्या लोकांना बोलवायला ईपर्ब आहे, रडारवर दिसायला सार्ट आहे. हा सेट शेवटच्या काही मैलांसाठी : "आम्ही तुमच्या डाव्या हाताला आहोत, अजून थोडं वळा."

तिने कागद घडी करून खिशात ठेवला. पोर शहाणी आहे, वाद घातला नाही.

११ जून, बुधवार

तपकीर गल्लीत कनेक्टर आणि सोल्डर, नाना पेठेत ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या फटीतून पाणी शिरू न देणारी रबरी कडी. नाना पेठेतल्या दुकानदाराने जुनी रिंग बोटांत ताणून पाहिली आणि विचारलं, "कुठल्या गाडीची?" बोटीची म्हटल्यावर दर वाढेल म्हणून बोललो नाही.

१४ जून, शनिवार

इलेक्ट्रिकल तपासणी. वॉटमीटर, डमी लोड, फ्रिक्वेन्सी काउंटर.

सेट १ : १.८ वॅट, वारंवारता ठरलेल्या आकड्यापेक्षा २१० हर्ट्झने वर. सेट २ : १.९ वॅट, ३४० हर्ट्झ खाली. दोन्ही उत्तम, दीड किलोहर्ट्झपर्यंतचा फरक चालतो. सेट ४, तो बिचारा राबवलेला : ०.५ वॅट आणि १.९ किलोहर्ट्झ वर. नियमातली किमान मर्यादा पाव वॅट आहे, त्यामुळे अर्धा वॅट तसा पास म्हणता आला असता, पण तिन्ही सेट एकाच जातीचे असताना एकाचाच दम का लागावा? एरियलच्या सॉकेटची मधली पिन सैल होती. सेट ३ ची काढून बसवली, १.७ वर आला. वारंवारतेसाठी ट्रिमर, म्हणजे ती जुळवायचा छोटा स्क्रू, केसभर फिरवला, काउंटरवर आकडा खाली आला, वार्निशचा ठिपका देऊन ठेवला.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. उघडलेला, डागलेला, ट्रिमर फिरवलेला सेट जहाजावर परत जात नाही. मंजुरी त्याच्या मूळ अवस्थेला होती, माझ्या सोल्डरला नव्हती. तिन्हींच्या पाठीवर "फक्त प्रशिक्षणासाठी" असं कोरणार आहे, चिकटवणार नाही. स्टिकर निघतो.

संध्याकाळी सेट २ ला एरियल लावून नुसतं ऐकलं. ऐकायला हरकत नाही. चॅनल १६ वर खरखर, दुसरं काही नाही. मध्ये सगळा सह्याद्री उभा आहे.

२२ जून, रविवार

दोन दिवस पालख्या शहरात, आज निघाल्या. कॅप्टन येणार होता, रस्त्यांमुळे आला नाही. घरी बसून आठ तासांची चाचणी लावली.

नियम सांगतो की बॅटरीने पूर्ण ताकदीवर किमान आठ तास काम दिलं पाहिजे. अखंड बोलत नाही अर्थात. प्रत्येक मिनिटात सहा सेकंद बोलायचं, सहा सेकंद आवाज ऐकायचा आणि अठ्ठेचाळीस सेकंद गप्प वाट पाहायची. हे हाताने करत बसलो असतो तर वेड लागलं असतं. भाचीने आर्डुइनो नावाचा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि एका रिलेवर ते यंत्र अर्ध्या तासात उभं केलं. सकाळी साडेआठला सुरू. टक, सहा सेकंद, टक. ही दुपारी झोपली नाही.

प्रशिक्षणाचे सेट म्हणून यात चार्ज होणाऱ्या ७.४ व्होल्टच्या बॅटऱ्या आहेत, १८०० मिलिअँपिअर-तासांच्या. मोजलेला करंट : बोलताना ०.८५ अँपिअर, ऐकताना ०.१६, गप्प असताना ०.०६. आठ तासांत बोलणं फक्त ४८ मिनिटं, पण खर्च सुमारे १.२ अँपिअर-तास, आणि त्यातला निम्म्याहून जास्त त्या ४८ मिनिटांत. राफ्टमध्ये बसून "कोणी आहे का, कोणी आहे का" करत राहिलात तर बॅटरी तुमच्या आधी दम सोडेल. पोरांना हा आकडा फळ्यावर लिहून दाखवायचा.

साडेचारला सेट १ वर ७.१ व्होल्ट शिल्लक. पास. २ आणि ४ नंतर रात्री लावले, तेही पास.

२८ जून, शनिवार

पाण्याची परीक्षा. हवं ते एवढं : एक मीटर खोल पाण्यात पाच मिनिटं ठेवलं तर पाणी आत जाता कामा नये. बादलीत मीटर होत नाही. गच्चीच्या पन्हळीचा उरलेला पीव्हीसी पाइप होता, चार इंची, दीड मीटर लांब. खालून टोपी चिकटवली, बाल्कनीत कठड्याला बांधला, भरला. भरल्यावर बारा किलोचा झाला, सुतळीने बांधला होता तो तारेने बांधला.

पाणी शिरलं की नाही हे कळायला आत वर्तमानपत्राच्या कागदाची चिंधी ठेवली आणि तिच्यावर फाउंटन पेनने ठिपके काढले. ओल लागली की शाई पसरते. कुठल्याही सेन्सरपेक्षा भरवशाचं.

तिन्ही सेट पाच-पाच मिनिटं. ठिपके जसेच्या तसे. तिन्ही पास. खूश होऊन चहा.

६ जुलै, रविवार

आषाढी. खिचडी खाऊन बसलो आणि डोक्यात आलं की मागच्या शनिवारी मी स्वतःलाच फसवलं. सेट आणि पाणी दोन्ही एकाच तापमानाचे होते. खरा सेट ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, काचेमागे उन्हात तापतो आणि मग समुद्रात पडतो. नियमातही याचसाठी ४५ अंशांच्या तापमानबदलाची परीक्षा आहे.

ऊन नाही, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात साठ वॅटचा बल्ब लावला, आत सेट. तासाभरात ६० अंश. पाणी २४ अंशांचं. सेट काढला, लगेच पाइपात सोडला.

सेट १ ठीक. सेट ४ ठीक. सेट २ उघडला तर कागदाच्या कोपऱ्यातला ठिपका फुटून निळं फूल झालेलं.

हिशेब केला तेव्हा चपापलो. आतली हवा ६० वरून २४ अंशांवर आली की तिचा दाब सुमारे अकरा टक्क्यांनी पडतो. पुण्याच्या उंचीवर हा फरक जवळजवळ एक मीटर पाण्याच्या दाबाएवढा होतो. म्हणजे गरम सेट थंड पाण्यात टाकला की तो मीटरभर आणखी खोल गेल्यासारखाच आहे, कारण तो आतून ओढतो. मागच्या वेळी अर्धी परीक्षा घेऊन पूर्ण गुण दिले होते मी.

ओ-रिंग काढली. भिंगाखाली धरली. सिलिकॉन ग्रीसवर एका जागी बारीक रेघ, नखाने ओढल्यासारखी, आणि त्या रेघेत झोपलेला एक केस. पाऊण इंच लांब, पांढरा. घरात पांढऱ्या केसांचा मी एकटाच.

भाचीला फोटो पाठवला. उत्तर आलं : "मामा, टोपी घाला."

१२ जुलै, शनिवार

सेट २ पुन्हा बसवला. खोबण कापडाने न पुसता टूथब्रशने साफ केली (कापडाचे धागे सुटतात), नवी रिंग, ग्रीस नुसतं चमकण्याएवढं. ग्रीस जास्त लावलं की केस, धूळ, सगळं त्याला चिकटून बसतं. माझी चूक तिथेही होती. डोक्याला रुमाल. स्क्रू एकाआड एक, समोरासमोरचे, म्हणजे झाकण तिरकं बसत नाही.

पुन्हा ६० अंश, पुन्हा पाइप. ठिपके शाबूत. खात्री म्हणून तीनदा केलं.

सेट पक्क्या फरशीवर मीटरभरावरून पाडूनही बघायचा असतो. एकेकदा पाडले. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले.

२० जुलै, रविवार

आजची नोंद माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्स काहीच नाही.

या सेटबद्दलच्या निकषांत एक अट आहे, जी वाचून आम्ही रेडिओवाले पुढे जातो : अप्रशिक्षित माणसालाही तो वापरता आला पाहिजे. हातमोजे घालूनही. चॅनल बदलणं सोडलं तर एका हाताने. मी चाळीस वर्षं असले सेट हाताळतोय, मी परीक्षक म्हणून कुचकामी आहे. म्हणून हिला भांडी घासायचे रबरी मोजे घालायला लावले, हातात सेट १ दिला आणि काही न सांगता आतल्या खोलीत पाठवलं. मी बाहेर सेट २ घेऊन. दोन्हींना डमी लोड, कमी ताकद, चॅनल १५. लोडमधून जी थोडी गळती होते तेवढ्यावर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ऐकू येतं.

चालू करायला सात सेकंद लागले, हे चांगलं. मग आवाज आला : "...लो, ऐकू येतंय का? अहो? ऐकू येतंय का?" पहिलं अक्षर गेलेलं, कारण बटण दाबता दाबताच बोलली. मी उत्तर दिलं. ती बोलतच राहिली. पुन्हा उत्तर दिलं. "काही ऐकू येत नाही, बिघडलंय तुमचं!" आणि बटण दाबलेलंच. फोनसारखं. बटण दाबलेलं असेपर्यंत या सेटला काहीही ऐकू येत नाही, हे तिला कोण सांगणार? सेटवर कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं ते असं की "पीटीटी", म्हणजे "पुश टू टॉक".

तिला बाहेर बोलावून भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. रेडिओ रूमचं घड्याळ आहे, जहाज सोडताना मिळालेलं. त्याच्यावर लाल पट्टे १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांवर, हिरवे तासाच्या सुरुवातीला आणि अर्ध्यावर, तीन-तीन मिनिटांचे. लाल पट्ट्यात ५०० किलोहर्ट्झवर मोर्सची बडबड बंद, हिरव्यात २१८२ वर तोंडची. सगळ्यांनी गप्प राहून फक्त ऐकायचं, कुठे कुणी क्षीण आवाजात हाक मारतंय का. १ फेब्रुवारी १९९९ ला जीएमडीएसएस, म्हणजे समुद्रावरच्या संकट-संदेशांची नवी जागतिक यंत्रणा, पूर्ण लागू झालं, मोर्सची खोली गेली, त्याबरोबर आमची नोकरीही. खलाशी मला मार्कोनी म्हणत, त्यांच्यापैकी एकाने हे घड्याळ गुंडाळून दिलं.

पंचवीसेक वर्षं रोज या घड्याळाची धूळ पुसणारी बाई म्हणाली, "मला वाटायचं ते पट्टे शोभेचे आहेत." मग म्हणाली, "आणि हे तुमचं इतकं बारीक लिहिलेलं राफ्टमध्ये चष्म्याशिवाय कोण वाचणार?"

२ ऑगस्ट, शनिवार

लेबलं. चॅनल-बटणाजवळ १६ वर लाल खूण, बोट फिरवून कळेल अशी उंचावलेली. पाठीवर मोठ्या अक्षरांत चार शब्द : दाबा, थांबा, बोला, सोडा. "थांबा" हा हिच्या गेलेल्या "हॅ" साठी. "ऐका" लिहायला जागा उरली नाही, पण सोडलं की ऐकूच येतं. अक्षरं सव्वा सेंटिमीटर, हिने चष्मा काढून वाचली तेव्हा पक्की केली. वर पारदर्शक इपॉक्सी.

सेटला गळ्यात अडकवायची दोरी. लाटेत हातातून सुटला की नारिंगी रंग दिसतो, पण दिसणं आणि हाती लागणं यांत फरक आहे.

दुपारी भाचीकडून आणि हिच्याकडून मेडेची, म्हणजे जीव धोक्यात असताना द्यायच्या हाकेची, तालीम. दोघी दोन खोल्यांत, मी मध्ये कागद घेऊन. मेडे तीनदा, जहाजाचं नाव तीनदा, कॉलसाइन (जहाजाची रेडिओवरची ओळख), मग पुन्हा मेडे आणि नाव, जागा, काय झालंय, काय मदत हवी, किती माणसं, ओव्हर. लाइफबोटीतून बोलताना कॉलसाइनच्या शेवटी दोन आकडे लागतात. भाचीला हे पाठ होतं, पण घाईत "जागा" राहिली. जागा राहिली तर बाकी सगळं ऐकून उपयोग काय! हिला तीनदा म्हणायला सांगितलं तर म्हणाली, "एकदाच पण नीट सांगितलं तर?" खरखरीत एखादं तरी नीट पोचावं म्हणून तीनदा, हे सेट २ चा स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारी सोय, उघडून ऐकवलं. त्यानंतर तिने तीनदा म्हटलं, आणि जागाही सांगितली : "पौड रोड, पेट्रोल पंपासमोर."

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज नारळी पौर्णिमा, कोकणात कोळी नारळ सोडतील. कॅप्टन सेट न्यायला आला. तीन सेट, तीन चार्जर, सहा बॅटऱ्या, सुटे ओ-रिंग पाकिटात, ग्रीसची छोटी ट्यूब. खोक्यात एक वही घातली, तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय : महिन्यातून एकदा तपासणी, १६ सोडून दुसऱ्या चॅनलवर, डमी लोडवर, बॅटरीची तारीख बघून, सही करून. पुढची तपासणी ८ सप्टेंबर. पोहण्याच्या तलावातली तालीम संस्था ठरवेल, तेव्हा एकदा बघायला जाईन. सेट तलावात पडल्यावर साध्या पाण्याने धुवा, क्लोरीनचं पाणी वाळू देऊ नका एवढं सांगून ठेवलं.

कॅप्टनने सेट ४ उचलला, पाठ वाचली आणि विचारलं, "पीटीटी कुठे गेलं?" म्हटलं, खोडलं.

बाकी : सेट ३ चा सांगाडा, वॉटमीटर, पाइप अजून बाल्कनीत. ही रोज विचारते. गणपती २७ तारखेला आहेत आणि मखर त्याच टेबलावर मांडायचं आहे.